आमच्या रिस्क रजिस्टरमधली भरती-ओहोटी

"पुण्यात समुद्र कधी आला?"

एवढं एकच वाक्य, लाल पेनाने, पान ६ च्या समासात. पुण्यातल्या आमच्या बोगद्याच्या कामाचे सुरक्षेचे कागद क्लायंटतर्फे तपासायला जे कन्सल्टंट होते ते रिटायर्ड, राहायला सदाशिव पेठेत, जास्त शब्द खर्च करायची सवय नाही. मी पान ६ उघडलं तर धोका क्रमांक ३१, "भरतीच्या वेळी शाफ्टमध्ये पाणी शिरणे". त्यापुढे उपाय, "भरती-ओहोटीचे वेळापत्रक साइट ऑफिसमध्ये लावणे". झालं असं होतं की आमचं आधीचं काम मुंबईत खाडीलगत झालेलं, तिथलं रिस्क रजिस्टर, म्हणजे कामातले धोके आणि त्यांवरचे उपाय यांची यादी, मेलवर आलं, मी प्रोजेक्टचं नाव बदललं, तारीख बदलली आणि दिलं पाठवून. ४२ पानं कोण वाचणार असं वाटलं होतं. तर हे गृहस्थ वाचत होते, आणि पेन घेऊन वाचत होते.

मी मूळचा सेफ्टीवाला नाही. सिव्हिल डिप्लोमा, बाणेर-बालेवाडीला सहा वर्षं टॉवरच्या साइटवर, स्लॅब आणि बिलं एवढंच आयुष्य. तेव्हा सेफ्टी ऑफिसर दिसला की आम्ही हेल्मेट डोक्यावर ठेवायचो आणि तो वळला की काढायचो, खोटं कशाला बोलू. २९ जून २०१९ ला पहाटे कोंढव्यात पावसात सोसायटीची भिंत कोसळली, खाली मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या होत्या, १५ माणसं गेली, त्यात लहान मुलं पण. आमच्या साइटच्या लेबर कॅम्पमागे पण तशीच एक भिंत होती. तीन वर्षं मी तिच्या कडेने रोज गेलो होतो आणि एकदाही वर बघितलं नव्हतं. त्या सकाळी जाऊन बघितलं, पलीकडे मातीचा भराव, भिंतीला पाणी निघून जायला भोकंच नाहीत. कॅम्प दुसरीकडे हलवायला नऊ दिवस लागले, ते नऊ दिवस मला नीट झोप नव्हती. पुढच्या वर्षी औद्योगिक सुरक्षेच्या डिप्लोमाला नाव घातलं. बायको म्हणाली, पगार कमी होईल. झाला पण.

मग २०२३ मध्ये हे काम मिळालं. बोगद्याचं काम म्हटलं की पुण्यात सगळे एकच विचारतात, "मेट्रोवर आहेस का?" मेट्रोचे बोगदे वेगळे, सिव्हिल कोर्ट स्टेशन ३३ मीटर खोल, मुठा नदीच्या खालून मशीन गेलेलं, तिथली यंत्रणा मोठी. आमचा बोगदा म्हणजे १२०० मिलिमीटरचा आरसीसी पाइप, ज्यात माणूस वाकून, खरं तर रांगत जातो. दक्षिण पुण्यातला एक वर्दळीचा रस्ता, तो खोदायला परवानगी नाही, म्हणून अलीकडे एक शाफ्ट, म्हणजे उभा खड्डा, पलीकडे एक शाफ्ट आणि मधे जमिनीखालून पाइप ढकलत न्यायचा. शाफ्ट आठ मीटर खोल. मागच्या भिंतीला जॅक टेकवायचे, पाइप खाली सोडायचा, जॅकने रेटायचा, तोंडाशी दोन माणसं ब्रेकरने फोडणार, राडारोडा ट्रॉलीतून दोरीने मागे, परत रेटा. एक पाइप अडीच मीटर लांब, वजन तीन टनाच्या वर. वरचा थर मऊ मुरूम, मग मांजऱ्या, आणि मधेच कुठेतरी काळा पाषाण डोकं वर काढणार. तो कुठे काढणार ते बोअर घेतला तिथे कळतं, दोन बोअरच्या मधे काय आहे ते ब्रेकर लागल्यावर. पुण्याची जमीन अशीच. त्यात जुन्या शहरातली भर वेगळी, पेशव्यांच्या काळात कात्रजवरून शहरात आणलेल्या पाण्याच्या दगडी नळाचे उच्छ्वास, म्हणजे हवेसाठी ठेवलेली उभी तोंडं, अजून कुठे कुठे निघतात, त्यामुळे नकाशात काही नाही म्हणजे खाली काही नाही असं इथे समजूच नये.

तर ते लाल पेन. मी माफी मागायला गेलो तर त्यांनी चहा मागवला आणि म्हणाले, "हे तुम्ही एसीत बसून केलंत ना? आता खड्ड्यात उतरून करा." मग म्हणाले, "आणि एकटे उतरू नका."

या रजिस्टरला इंग्रजी आद्याक्षरांवरून हायरा म्हणतात, आमच्या मुकादमाने पहिल्या दिवसापासून त्याला हिरा म्हटलं आणि मग सगळी साइट हिराच म्हणायला लागली, "साहेब आज हिरा भरायचाय का?" पद्धत साधी आहे. एकेक काम घ्यायचं, त्यात काय बिघडू शकतं ते लिहायचं, घडायची शक्यता १ ते ५, घडलं तर नुकसान १ ते ५, दोन्हींचा गुणाकार. २५ आलं की लाल, चार-पाच आलं की हिरवं. मग उपाय लिहायचा आणि उपायानंतरचा आकडा परत काढायचा. गंमत अशी की उपायानंतर सगळे आकडे आपोआप हिरवे होतात, कारण ते आपणच लिहितो. मी पण तेच केलं होतं, २० चे ६ केले होते, कशाने तर "कामगारांना प्रशिक्षण देणे" आणि "हेल्मेट, बूट, हातमोजे पुरवणे" याने. खरा क्रम उलटा आहे, आधी धोकाच काढून टाकता येतो का बघायचं, नाहीतर दुसरी पद्धत, मग अडसर-यंत्रणा, मग नियम-परवानगी, आणि हेल्मेट सगळ्यात शेवटी. आठ मीटरवरून पाना पडला तर हेल्मेटचा उपयोग किती, हे फोरमन काकांनी मला कलिंगडाचं उदाहरण देऊन सांगितलं, ते लिहीत नाही.

दुसऱ्यांदा केलं तेव्हा आम्ही पाच जण शाफ्टच्या काठावर बसलो. फोरमन काका, झारखंडचा मुकादम, हायड्राचा, म्हणजे माल लटकवून चालणाऱ्या क्रेनचा, ऑपरेटर, जॅकचा पॉवर पॅक चालवणारा आणि मी. मी एवढंच विचारलं, तुम्हाला स्वतःला कशाची भीती वाटते? माझ्या यादीत सगळ्यात वर होतं "शाफ्टची भिंत ढासळणे". ऑपरेटर म्हणाला, भिंतीचं सोडा, हायड्राने पाइप लटकवून पुढे चालवत नेतो ना, तेव्हा मला पुढचा माणूसच दिसत नाही, बूम मधे येतो. सहा वर्षं हायड्रा बघत होतो, ड्रायव्हरला दिसतं का हे मी कधी विचारलंच नव्हतं. मग पाइप ट्रेलरवरून थेट शाफ्टपाशीच उतरवायचा, लोड घेऊन हायड्रा चालवायची नाही, असं ठरलं, त्यासाठी ट्रेलरला यायला रॅम्प करावा लागला. म्हणजे धोका काढूनच टाकला. खर्च रॅम्पचा. मॅनेजर दोन दिवस बोलला नाही माझ्याशी.

मुकादम म्हणाला, आतमध्ये ब्रेकर चालू असला की बाहेरचा आवाज येत नाही, बाहेरच्याने जॅक मारला तर आतला पाय कुठे आहे कुणाला माहीत? त्यावर काकांनी जुना उपाय काढला, पाइपवर हातोडीचे ठोके. एक ठोका थांब, दोन रेट, तीन ठोके म्हणजे सगळं सोडून बाहेर. ब्रेकर बंद करून ठोका ऐकू आल्याशिवाय जॅक नाही. वॉकीटॉकी पण घेतले, पण शप्पथ सांगतो, हातोडीवर जास्त विश्वास होता सगळ्यांचा. धुळीचं मात्र कुणीच बोललं नाही, ते मीच घातलं. मुरूम-दगड फोडताना पाणी मारायचं. दगडाची बारीक धूळ फुप्फुसात जाऊन बसते आणि माणूस मरतो दहा-पंधरा वर्षांनी, आपल्या साइटवर नाही, गावाला, त्यामुळे कुणाच्याच रेकॉर्डला लागत नाही.

मॉक ड्रिलचं पण सांगतो, कारण फजिती झाली. नियमाप्रमाणे तिपाई आणि विंच विकत आणली होती, माणसाला वर खेचायला. ड्रिलच्या दिवशी उघडली तर तिचे पाय फाकून जेमतेम दोन मीटर, आणि शाफ्टचं तोंड सहा बाय पाच. ती मॅनहोलसाठी असते! खरेदी करताना मी पण फोटो बघून हो म्हटलं होतं. शेवटी क्रेनला माणसांचा पिंजरा लावून काम भागलं. पाइपच्या आत ३० मीटरवर बेशुद्ध माणूस, म्हणजे आमच्याकडे दीड गोणी सिमेंट, ती राड्याच्या ट्रॉलीवर झोपवून दोरीने ओढली, बाहेर यायला २२ मिनिटं. त्यातली सात मिनिटं ट्रॉलीतला राडा रिकामा करण्यात गेली. दुसऱ्या दिवसापासून एक रिकामी ट्रॉली कायम बाजूला, तिला लाल रंग, तिच्यात राडा भरला की दंड. दोन दिवसांनी तिच्यात चहाची किटली सापडली, पण राडा नाही.

मग दिवाळी आली. १२ नोव्हेंबर २०२३, लक्ष्मीपूजनाच्या पहाटे उत्तराखंडात सिल्क्यारा बोगद्यात भाग कोसळून ४१ मजूर आत अडकले. त्यात सगळ्यात जास्त, १५ जण झारखंडचे. आमची निम्मी गँग छटपूजेला गावी गेली होती, जे होते ते दिवसभर मोबाईलमध्ये डोकं घालून. आणि तिथे बाहेरून करत काय होते, तर पाइपच ढकलत होते! आधी ९०० मिलिमीटरचा, मग ८०० चा. आमचा मुकादम टीव्हीवरच्या तज्ज्ञांच्या आधी सांगायचा, आता अडकणार बघा, आत लोखंड असणार. आणि शेवटच्या १०-१२ मीटरवर खरंच ऑगर, म्हणजे आत पोखरत जाणारा मोठा ड्रिल, लोखंडात अडकून तुटला. तो मला म्हणाला, "साहब, अपने यहाँ भी एक छोटा पाइप डाल के रखें?" त्यांना चार इंची पाइपमधून हवा, चणे-मुरमुरे जात होते ना, ते बघून. मी समजावलं की आपल्याकडे मागची वाट पाइपचीच असते, ढासळलं तर तोंडाशी ढासळेल, आपल्याला वेगळा पाइप नको. बरोबरच सांगितलं मी. पण आमचं संकट तोंडाशी पण येणार नव्हतं.

रविवार २६ नोव्हेंबर, सुट्टी. अवकाळीचा अंदाज होता, त्या दिवशी राज्यात बऱ्याच ठिकाणी पाऊस, गारपीट झाली. आमच्या रजिस्टरमध्ये (नव्या, खड्ड्यात उतरून केलेल्या) स्पष्ट लिहिलं होतं, पावसाचा इशारा असेल तर शाफ्टवर ताडपत्री टाकणे, कडेने मातीचा बांध घालणे. शनिवारी संध्याकाळी मी स्वतः उभं राहून टाकून घेतली, लोखंडी पाइपांवर ताणून, चारी बाजूंनी वाळूच्या पिशव्या, हवेला फट नाही अशी. फोटो काढला, ग्रुपवर टाकला, अंगठे आले. खाली हवा सोडणारा ब्लोअर बंद, कारण काम बंद.

सोमवारी सकाळी आठ. चहाच्या टपरीवर रात्रपाळीचा वॉचमन भेटला, घरी निघाला होता. साठीचा माणूस, जतकडचा. पावसाचं बोलता बोलता म्हणाला, "साहेब, रात्री ताडपत्री फडफडत होती म्हणून कोपरा उचलला, तर आतनं सडक्या अंड्यासारखा वास आला. मेलं का काय आत उंदीर-घूस?"

मी चहा ठेवला. खरं सांगतो, गॅस मीटर रोज लावायचा असतो, खाली उतरायच्या रोजच्या परवान्यावर तीन रकाने असतात, वर, मधे, तळाला. आणि मी दोन महिने मीटर कमरेला लावून काठावर उभा राहून तिन्ही रकान्यांत २०.९, २०.९, २०.९ लिहीत होतो. ऑक्सिजन नॉर्मल हवेत २०.९ टक्केच असतो, रोज तेवढाच येणार, मग दोरीने सोडायचा कशाला. हे मी चौकशीत पण कबूल केलंय म्हणून इथे लिहायला लाज नाही, म्हणजे आहे, पण लिहितो.

शाफ्टवर पोचलो तर पोरांनी एका बाजूची ताडपत्री दुमडली होती आणि नांदेडकडचा एक नवा हेल्पर, तीन दिवसांपूर्वी आलेला, छटला गेलेल्याच्या जागी, शिडीच्या दुसऱ्या पायरीवर. त्याचा स्टीलचा डबा शनिवारी खाली राहिला होता. डब्यासाठी! मी ओरडलो, तो वर बघून हसला, "आलोच सर, एक मिनिट." काकांनी त्याच्या शर्टाची कॉलर धरून वर ओढला, अक्षरशः मांजराच्या पिल्लासारखा.

मीटर दोरीने सोडला. मीटरमध्ये सगळ्यात जास्त-कमी काय आलं ते साठून राहतं, म्हणून वर घेऊन बघता येतं, पण त्याची गरजच पडली नाही, साडेपाच-सहा मीटरवर गेला आणि खालून किंचाळायला लागला. त्या आवाजाला शाफ्टमध्ये घुमारा येतो, तो अजून कानात आहे. वर घेतला, ऑक्सिजन १७.६, हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे तो सडक्या अंड्याच्या वासाचा विषारी गॅस, २३ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत २३ भाग). अलार्म असतो ऑक्सिजन १९.५ च्या खाली आणि सल्फाइड १० च्या वर. २३ ला माणूस तिथल्या तिथे पडत नाही, मलाही माहीत आहे. पण ते पीपीएम मीटर जिथवर गेला तिथलं. पाइपच्या आत, जिथे हवा हलतच नाही, तिथे किती होतं ते आम्ही मोजलं नाही, उतरलोच नाही. आणि हा गॅस फसवा आहे, थोडा असला तर घाण वास, जास्त झाला की नाकच मरतं, वासच येत नाही, माणसाला वाटतं गेला गॅस. शिवाय हवेपेक्षा जड, तळाला जाऊन बसतो. एक जण खाली पडला की दुसरा त्याला काढायला उतरतो, मग तिसरा. ड्रेनेजच्या बातम्यांत दरवेळी दोन-तीन नावं एकत्र का येतात ते यामुळे. काकांनी त्या पोराला बाजूला बसवलं, तो सारखा म्हणत होता, वास तर येत नव्हता काही.

काम बंद. ब्लोअरचा डक्ट तळापर्यंत सोडून सतत हवा, दर अर्ध्या तासाने दोरीने मीटर, आता तिन्ही रकाने खरे. दुपारपर्यंत आकडे खाली आले, पण ब्लोअर बंद केला की संध्याकाळी परत चढायला लागले, म्हणजे कुठून तरी येत होतं. काका म्हणाले, नाल्याकडच्या भिंतीला ओल आहे, ती पावसाची नाही, काळी आहे. नकाशात तिकडे ड्रेनेज लाइन होती पण चार मीटर अंतरावर. मग वरच्या बाजूच्या चेंबरमध्ये होळीच्या रंगासारखा हिरवा टेस्टिंगचा रंग ओतला आणि शाफ्टच्या काठावर टॉर्च घेऊन बसलो. ५० मिनिटांनी भिंतीतून मुरमाच्या फटीतून हिरवी रेघ उतरली, एकदम बारीक, करदोट्यासारखी. जुनी लाइन कुठेतरी तडकलेली, आमच्या ब्रेकरने तडकली की आधीपासूनच होती यावर पुढे तीन मीटिंग झाल्या, त्या सांगण्यासारख्या नाहीत.

मला खरा धक्का बसला तो चौकशीचा कागद भरताना. कारण शोधत मागे मागे गेलो, गॅस का साठला? हवा बंद होती. हवा बंद का? ताडपत्री. ताडपत्री का? रजिस्टरमध्ये लिहिलं होतं म्हणून. कुणी लिहिलं? मी. पाऊस हा धोका क्रमांक १२, गॅस हा क्रमांक २७, दोन्हींपुढे उपाय, दोन्ही हिरवे. १२ चा उपाय २७ च्या छातीवर बसला आणि हे कुठल्याच रकान्यात दिसत नाही, कारण आम्ही ओळी आडव्या वाचतो, १२ वाचताना २७ कोण बघतं? आणि ज्या एका माणसाला वास आला तो वॉचमन ना टूलबॉक्स टॉकला, म्हणजे कामाआधीच्या सुरक्षेच्या बोलण्याला, असायचा, ना त्या पाच जणांत होता. मी गँगला विचारलं, ऑपरेटरला विचारलं. रात्री बारा तास त्या खड्ड्याशेजारी एकटा बसणाऱ्याला विचारायचं सुचलंच नाही.

मॅनेजरचं म्हणणं होतं, कुणाला काही झालं नाही, मग कशाला लेखी कळवायचं. मी म्हटलं, परवान्यावर दोन महिने खोटे आकडे माझ्या सहीचे आहेत, ते पण मीच कळवतो. मला वाटलं नोकरी गेली. गेली नाही, एक लेखी समज मिळाली, फाइलला आहे.

मंगळवारी २८ ला रात्री सिल्क्यारातले ४१ च्या ४१ बाहेर आले, १७ दिवसांनी. शेवटचे ते मीटर हातानेच खोदले गेले, पाइपमध्ये बसून, आमची पोरं रोज करतात तसंच. मुकादमाने पेढे आणले, काम बंद शाफ्टच्या काठावर बसून खाल्ले. त्या नांदेडच्या पोराचा डबा बुधवारी वर काढला, आतली भाजी कशी होती विचारू नका.

काम परत सुरू व्हायला आठवडा गेला. महापालिकेच्या लाइनला तात्पुरता बायपास, त्या भिंतीच्या फटी बुजवायला सिमेंटचं ग्राउटिंग, ब्लोअरला वेगळा जनरेटर, सुट्टीतही चालू. ताडपत्रीऐवजी उतरत्या पत्र्याचं छप्पर, काठापासून दोन फूट वर, चारी बाजूंनी हवा खेळती. मीटर सोडायला दोरीवर दर दोन मीटरला रंगीत गाठी मारल्या, कुठली गाठ कठड्यावर आली ते परवान्यावर लिहायचं, म्हणजे काठावरून लिहिता येत नाही. ही आयडिया मुकादमाची. सकाळच्या टूलबॉक्स टॉकला वॉचमन पाच मिनिटं थांबतो, रात्री काय ऐकलं, काय हुंगलं ते सांगतो. बहुतेक वेळा कुत्र्यांबद्दलच सांगतो.

सुधारलेलं रजिस्टर परत लाल पेनवाल्यांकडे गेलं. त्यात मी एक जादा रकाना घातला होता, "या उपायाने दुसरा कुठला धोका वाढतो?", आणि तो भरायला मला आधीच्यापेक्षा दुप्पट वेळ लागला. चार दिवसांनी कागद परत आले. त्या रकान्यावर बारीकशी बरोबरची खूण, बाकी पानं स्वच्छ. मी खूश होऊन मॅनेजरला दाखवायला निघालो तेवढ्यात शेवटचं परिशिष्ट उलटलं, पान ४३, साइट ऑफिसमध्ये लावायच्या तक्त्यांची यादी. क्रमांक नऊच्या खाली लाल रेघ.

"वेळापत्रक लावले का? पाहायला येतो."